मशीनला न लावलेला कागद

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. सासूबाई दर शनिवारी गाडीला लिंबू-मिरची बांधतात आणि मी लॅबला निघताना ती तोडून टाकायचे. आमच्या घरातलं हे ठरलेलं भांडण आहे. केमिस्ट्रीत एम.एस्सी. केलंय, पंधरा वर्षं लॅबमध्ये काढलीत. या ग्रुपवरचे भुताटकीचे अनुभव वाचून हसलेलीही आहे. आजही मी घाबरून लिहीत नाहीये... चिडून लिहितेय.

मी नाशिकच्या एका खासगी लॅबमध्ये होते. काम हवेतली धूळ मोजण्याचं. नीट समजावते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गच्चीवर एक मशीन ठेवतात, साधारण कमरेइतक्या उंचीचं. ते हवा ओढतं आणि आतल्या पांढऱ्या फिल्टर पेपरवर धूळ अडकते. दर आठ तासांनी कागद बदलायचा, म्हणजे दिवसाचे तीन. लावण्याआधी वजन, काढल्यावर वजन, फरक तेवढी धूळ. प्रत्येक कागदावर नंबरचा शिक्का असतो. शिवाय एक चौथा कागद असतो — ब्लँक. तो मशीनला लावायचाच नाही. पाकिटात जातो, पाकिटातच परत येतो. त्याचं वजन होतं तेवढंच भरलं, की आपल्या हाताळणीत गडबड नाही असं समजायचं.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीला लागून एक कॉलनी आहे. तिच्या मागच्या फाउंड्रीला, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्याला, दुसरी भट्टी टाकायची होती. कॉलनीने तक्रार केली, प्रदूषण मंडळाकडे सुनावणी लागली, हवा मोजून आणा असा हुकूम झाला. मोजायची कोणी? फाउंड्रीने नेमलेल्या लॅबने. म्हणजे आम्ही! कुंपणच शेत खातं असं आपण म्हणतो. इथे कुंपण कुठलं लावायचं तेही खाणाराच ठरवत होता.

मशीनसाठी गच्ची दिली कुसुमताई आहिरेंनी. मूळच्या नामपूरकडच्या, बोलण्यात अजून अहिराणी डोकावणाऱ्या, नवऱ्याच्या नोकरीमागे इथे आलेल्या. आहिरे भाऊ कारखान्यातून रिटायर झाले ते दमा घेऊनच. दोन वाक्यं बोलले की थांबतात. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, इथली धूळ अजून वाढली तर घर सोडा. सोडून जायचं कुठे? आयुष्यभराचं जे काही होतं ते त्या दोन खोल्यांत.

"एकदा मोजा तुम्ही, मॅडम," ताई पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "मग बघू कोण नाही म्हणतं ते."

मोजणी दोन दिवसांची होती. पहिल्या दिवसाचे कागद लॅबमध्ये आले आणि मी चक्रावले. तिन्ही जवळजवळ पांढरे. ज्या कॉलनीत सकाळी पुसलेल्या स्कूटरवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं, तिथले कागद पांढरे! आणि ब्लँक... ब्लँक राखाडी. चांगला काळपट राखाडी. वजनही वाढलेलं.

कागद बदलायला जाणाऱ्या पगारे काकांनी घोळ घातला असणार, दुसरं काय? मी तडक त्यांच्यावर आवाज चढवला. काका वयाने मोठे, आणि एकदा बिनसलं की कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत.

"मॅडम, नंबर बघा की आधी! शिक्का तुमचाच हाय ना? मी ते पाकीट उघडलंबी नाय."

नंबर बघितला. ब्लँकचाच होता. पाकिटाची चिकटपट्टी मीच लावलेली आणि मीच फाडलेली. काकांची माफी मागितली, पण मनातून मी त्यांनाच दोष देत होते.

दुसऱ्या दिवशीचा ब्लँक मी लॅबबाहेर पाठवलाच नाही. वजन केलं, पाकिटात घातला, चिकटपट्टीवर सही केली, पाकीट काचेच्या हवाबंद भांड्यात ठेवलं आणि कपाटाला कुलूप घातलं. किल्ली माझ्या पर्समध्ये. मग मी स्वतः कॉलनीत गेले. दुसऱ्या दिवसाचा शेवटचा कागद काढायची वेळ दुपारी दोनची. मी मुद्दाम अकरालाच गेले, न कळवता.

गच्चीवर पोचले आणि बघतच राहिले. मशीन घरघरत होतं आणि त्याच्याभोवती वरपासून खालपर्यंत चौपदरी जुनी सुती साडी गुंडाळलेली! आजूबाजूला पाणी मारलेलं. हवा मोजायला ठेवलेलं मशीन साडीतून गाळलेली हवा ओढत होतं.

"ताई, हे काय केलंत?"

कुसुमताई मागून आल्या त्या ओशाळूनच. "धूळ बसत होती ना हो त्याच्यावर. एवढं महागाचं मशीन शे, बिघडलं तर आमची हवा कोण मोजणार? पगारेभाऊ यायच्या आधी काढून ठेवते मी. आल्यागेल्यासमोर जुनेर कशाला... आणि काढली की धुते, बरं का."

साडीची बाहेरची बाजू काळी पडली होती. जे माझ्या कागदावर यायला हवं होतं, ते ही बाई मोरीत धूत होती. मी त्यांच्यावर ओरडले. खूप ओरडले, पण साडीने आकडा कसा बिघडतो ते समजावलं मात्र नाही. ज्यांच्यासाठी मोजत होतो त्यांच्यावरच! त्या साडी हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. ते आठवलं की आजही मला माझीच लाज वाटते.

परत आले ती थेट सरांच्या केबिनमध्ये. सर म्हणजे लॅबचे मालक. म्हटलं, दोन्ही दिवसांचे आकडे रद्द करा, पुन्हा मोजू.

"मशीन चालू होतं?" सरांनी विचारलं.

"हो, पण—"

"कागद वेळेवर बदलले?"

"सर, त्याच्यावर साडी होती!"

"साडी आपण टाकली का? तक्रारदारानेच टाकली ना? सुनावणी तोंडावर आली आहे. टाइप कर."

तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मग ब्लँक तरी बघा. कपाट त्यांच्यासमोर उघडलं. सही जशीच्या तशी, चिकटपट्टी जशीच्या तशी. पाकीट फाडून कागद टेबलावर ठेवला.

काळा. आणि नुसता काळा नाही... चारी बाजूंनी पांढरी, सरळ, बोटभर कड. हे काम करणाऱ्यालाच कळेल की ती कड कशाने येते. मशीनमध्ये कागद चौकटीखाली दाबला जातो, तेवढाच भाग पांढरा राहतो. हा कागद आठ तास मशीनमध्ये हवा खाऊन आल्यासारखा दिसत होता. आणि तो बंद भांड्यात, बंद कपाटात, माझ्या किल्लीखाली होता.

सरांनी त्याला हात लावला नाही. मग खिडकीकडे बघत म्हणाले, "बॅच खराब असेल. फेकून दे. नवा घे, वजन कर, दोन्ही दिवसांना तेच लिही."

नवा घेतला. वजन केलं. लिहिलं. रिपोर्टखाली सही कोणाची? माझी. मला कुणी धमकी दिली नव्हती. सर म्हणाले की सही करायची, ही पंधरा वर्षांची सवय होती, बस. काळा कागद तेवढा टोपलीतून उचलून घरी आणला.

त्याचं काय ते आत्ताच सांगून टाकते. कॉलेजात शिकवणाऱ्या मैत्रिणीला दाखवला. ती ओलावा म्हणाली, मग बुरशी म्हणाली, मग कागद मला परत दिला. बुरशीला पट्टीने आखल्यासारखी कड कशी येईल? सासूबाईंचं मत वेगळं, ते तुम्ही ओळखलंच असेल. कुणाकडे उत्तर असेल तर जरूर सांगा. पण मी लिहायला बसले ती त्या कागदापायी नाही.

सुनावणीत आमचा आकडा वाचला — मर्यादेत. आहिरे भाऊ मागच्या खुर्चीत खोकत होते आणि खोकल्यातूनच सगळ्यांनी ऐकलं, हवा मर्यादेत आहे म्हणून! बाहेर कुसुमताई माझ्याकडे आल्या. वाटलं, आता शिव्या देतील. द्यायलाच हव्या होत्या.

"मशीन काही खोटं बोलायचं नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "म्हणजे हवा चांगली शे. यांचंच शरीर खराब." आणि भाऊंकडे वळून, "ऐकलं का? आपण उगाच नावं ठेवत होतो हो."

भाऊंनी मान डोलावली. मला जन्मात एवढा राग आला नव्हता. सरांचा, फाउंड्रीचा, असल्या मोजणीला मोजणी म्हणणाऱ्या सगळ्यांचा... आणि सगळ्यात जास्त माझा.

दुसऱ्या दिवशी मंडळाला पत्र दिलं. साडीचं लिहिलं, बदललेल्या ब्लँकचं लिहिलं, सही मागे घेते म्हणून लिहिलं. काळ्या कागदांचा उल्लेख केला नाही. मला वेडी ठरवायला आयतं निमित्त मिळालं असतं. पत्राची पोच मिळाली, उत्तर अजून नाही. नोकरी अर्थातच गेली. भट्टीचा पाया खणायला घेतलाय.

पत्र दिलं त्याच दुपारी मी कुसुमताईंकडे गेले. त्यांनी चहा ठेवला. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं — आकडा खोटा आहे, हवा वाईटच आहे, भाऊंच्या शरीराचा दोष नाही. त्यांनी गॅस बंद केला.

"म्हणजे... मी साडी टाकली म्हणून?"

"नाही ताई," मी म्हटलं. "मी सही केली म्हणून."