एकोणीस चौदाची देवी

परवा पालेगावात एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी मला विचारलं, “तुमच्या नवसीमावशीच्या अंगात यायचं म्हणे. मग देवी निघून गेली, खरं ना?” ताटात जिलबी होती, ती तशीच राहिली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाईने जन्मभर शाळा चालवली, गावातल्या बापांना आणि मग त्यांच्या पोरांना गुणाकार शिकवला, आणि लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर देवी! म्हणून हे लिहिते आहे. वाचून कोणाला राग आला तर येऊ दे. मला आधीच आलेला आहे.

नवसी ही माझ्या आईची, म्हणजे सरूची, थोरली बहीण. कौसाबाईला, माझ्या आजीला, बरीच वर्षं मूल नव्हतं. देवीला नवस बोलली तेव्हा ही झाली, म्हणून नाव नवसी. आजोबा आनंदा याच पालेगावात भातशेती करायचे. तोंडातून शब्द काढायचा तर त्यांना जड जायचं. त्या न काढलेल्या शब्दांची किंमत मावशीने मोजली, पण ते पुढे येईल.

स्वातंत्र्य नुकतंच मिळालेलं. अंबरनाथच्या शाळेत नवसी चौथीपर्यंत गेली. तिथे रोज संध्याकाळी पाढे. सगळा वर्ग मांडी घालून पुढेमागे डोलायचा आणि एका सुरात ओरडायचा. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, असे पाव-अर्ध्याचे पाढेसुद्धा. औट म्हणजे साडेतीन, आणि साडेतीनाचा पाढा म्हणजे औटकी. आजच्या मुलांना सांगितलं तर हसतील, पण तेव्हा तो यायलाच लागायचा. नवसीला पाठांतर जमत नसे. सत्तावीसच्या पाढ्यात ती दर वेळी अडखळायची आणि गुरुजी दर वेळी छडी मारायचे. ती रडत नसे. चिडायची. आणि चिडून तिने वाट काढली.

सत्तावीस म्हणजे तिसाला तीन कमी. मग सत्तावीस आठ कशाला घोकायचे? तीस आठ दोनशे चाळीस, त्यातले तीन आठ चोवीस काढा, राहिले दोनशे सोळा. एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस यांची तर तिला मौजच वाटली. “एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. नावातच सांगून ठेवलंय ना, मग घोकायला लावतात कशाला?” असं ती माझ्या आईला म्हणायची. नव्याण्णवला एकोणशंभर का म्हणत नाहीत यावरून तिने गुरुजींशी भांडण केलं आणि त्याचीही छडी खाल्ली. पंचवीसने गुणायचं तर पावकी आणि पुढे दोन शून्यं. पस्तीसने गुणायचं तर औटकी आणि एक शून्य. मनातल्या मनात उत्तर यायचं, फक्त एक खोड राहिली. हिशेब करताना डोळे मिटायचे, ओठ पुटपुटायचे आणि अंग डोलायचं. शाळेनेच लावलेली सवय ती.

तिला मास्तरीण व्हायचं होतं. सातवीची फायनल पास झालं की मास्तरीण होता येतं हे तिला कुठूनसं कळलं होतं, आणि त्यापलीकडे तिने जन्मात काही मागितलं नाही.

मग नाथाच्या विटा आडव्या आल्या. नाथा गावातला वीटभट्टीवाला. आजोबांच्या घरासमोर थप्पी लावून बोटांवर मोजत बसला होता. पस्तीस रांगा आणि रांगेत अठरा विटा. नवसी न्हाऊन, केस मोकळे सोडून ओट्यावर उन्हात बसली होती. त्याची पुटपुट ऐकून तिला राहवेना. डोळे मिटले, डोलली, औटकीत अठराला त्रेसष्ट, त्यावर शून्य. “सहाशे तीस!” म्हणाली. नाथाने एकेक वीट मोजली. सहाशे तीस. त्याने वर पाहिलं तर समोर मोकळे केस, मिटलेले डोळे, डोलणारं अंग. आपल्याकडे एवढं दिसलं की माणसं पुढचं बघत नाहीत. पायातली वहाण काढून तो थेट तिच्या पायावर पडला. “आई आली गो, अंगान आई आली!”

कौसाबाई आतून धावत आली. नवसाचीच पोर, देवी आपलं माणूस घ्यायला आली असं तिला वाटलं. नवसी ओरडली, “आये, माझ्या अंगान कोनी नाय! मीच हाय! औटकी केली मी!” आजीने ऐकलं, नाही असं नाही. ऐकलं, आणि तिच्या कपाळावर हळदकुंकू लावलं.

आजीचा भाऊ दौलतराव आमच्याच घरी खाऊनपिऊन असायचा. कामाचं नाव काढलं की त्याची पाठ धरायची. त्या दिवशी मात्र पाठ एकदम बरी झाली. त्याने ओट्यावर पाट मांडला, केस बांधायचे नाहीत अशी ताकीद दिली आणि दर मंगळवारी देवीची बैठक असं गावभर सांगत सुटला. बैठकीत लोकांनी दोन आकडे सांगायचे, पोरीने डोलून उत्तर द्यायचं, आणि ते बरोबर आलं की आपल्या घरातलं दुखणंखुपणं विचारायचं. दुखण्याचं उत्तर मामा द्यायचा. नारळ, खण, कोंबडंही मामाच उचलायचा. शाळा बंद. देवीने फळ्यासमोर बसायचं असतं का?

हे सगळं मुकाट्याने बघणाऱ्या एकाही मोठ्या माणसाला मी माफ केलेलं नाही. आजोबांनाही नाही. लेक पाटावर बसून रागाने थरथरायची आणि लोक म्हणायचे, बघा, वारं किती जोरात आहे!

काही महिन्यांनी तिने ठरवलं की आपली युक्ती चव्हाट्यावर मांडायची. भर बैठकीत उठली. समोर बाळी बसली होती. बाळी डोंगराकडच्या पाड्यावरून लाकडाच्या मोळ्या घेऊन यायची. अक्षरओळख नाही, पण मोळ्या रोज हातातल्या.

“बाळीकाकी, वीस मोळ्या. एकेकीत चौदा लाकडं. किती झाली?”

बाळीने बोटं चाळवली. चौदा दुणे अठ्ठावीस, त्याच्या दहापट. “दोनशे ऐंशी.”

“त्यातली एक मोळी काढून ठेव.”

“चौदा गेली. मंग दोनशे सहासष्ट.”

“झालं! एकोणीस चौदा दोनशे सहासष्ट. मी हेच करतंय. आता सांग, तुझ्या अंगान कोन आलं?”

बाळी खुदकन हसली. दोनचार बायकाही हसल्या. तेवढ्यावर सगळं संपायला हवं होतं. पण दौलतमामा तयारीचा माणूस. त्याने हात जोडले आणि गहिवरून ओरडला, “देवीनं परसाद वाटला! बाळीच्या तोंडून देवी बोलली!” हसणाऱ्या बायकांनी पदर सावरले. मग त्यातलीच एक उठली आणि बाळीच्या पाया पडली. बाळी बिचारी मोळी टाकून पळाली.

पुढच्या मंगळवारी गर्दी दुप्पट. आणि त्या दिवसापासून बैठकीची सुरुवातच त्या गुणाकाराने व्हायला लागली. मामा विचारायचा, “एकोणीस चौदा?” नवसीने म्हणायचं, “दोनशे सहासष्ट,” आणि मग सगळ्यांनी हात जोडून तेच म्हणायचं. ज्यांना सात पाच येत नव्हते तेही म्हणायचे. समजावून सांगितलेल्या गोष्टीचा मंत्र करून टाकला या लोकांनी! हे आठवलं की माझे दात अजून करकरतात.

बातमी उल्हासनगरच्या एक नंबर कॅम्पापर्यंत गेली. तिथे लष्कराच्या रिकाम्या बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले होते, एका बराकीत कितीतरी कुटुंबं, मध्ये गोणपाटाचे पडदे. तिथली एक बाई चालत आली. डोक्यावर पांढरी ओढणी, हातात नारळ नाही की काही नाही. तिने आकडे सांगितलेच नाहीत. पाटापुढे बसली आणि म्हणाली, “देवी, मेरा लडका कराची में बिछड गया. बंदर पे बहुत भीड थी, हाथ छूट गया. कब आएगा?”

नवसीने मनात हिशेब लावून पाहिला. पावकी नाही, औटकी नाही, यात काय मिळवायचं नि काय वजा करायचं? ती म्हणाली, “मला माहीत नाही.” मराठीत म्हणाली. बाईला कळलं नाही आणि तिने मामाकडे पाहिलं. मामाने डोळे मिटून, गळा जड करून सांगून टाकलं, “आएगा. दिवाली के पहले आएगा.”

बाईने नवसीचे दोन्ही पाय धरले आणि कपाळ टेकवलं. मावशी म्हणायची की त्या कपाळाचा ऊबदारपणा तिला पावलावर पुढे कितीतरी दिवस जाणवत होता. मामाचं खोटं तिच्या नावावर खपलं होतं. तिचं गणित बरोबर येत होतं म्हणूनच ते खोटं खरं ठरत होतं. हे ज्या क्षणी तिच्या लक्षात आलं त्या क्षणी काय करायचं तेही लक्षात आलं. आणि ते करणं तिच्या फार जिवावर आलं, कारण छडी खाऊनसुद्धा तिने कधी जाणूनबुजून चुकीचं उत्तर दिलं नव्हतं.

पुढच्या मंगळवारी मामाने नेहमीसारखी आरोळी दिली, “एकोणीस चौदा?”

“दोनशे शहात्तर.”

हात अर्धवट जोडलेले राहिले. मामा हसला, पुन्हा विचारलं. पुन्हा दोनशे शहात्तर. तिसऱ्यांदाही तेच. मग तिने डोळे उघडले, मोकळे केस हातात घेतले, त्यांचा घट्ट अंबाडा घातला आणि पाटावरून उठली. गर्दीतून कोणीतरी हळूच म्हणालं, “आई गेली.” तेवढं बास झालं. देवी चुकत नाही, म्हणजे ही देवी नव्हे. लोकांना एकदा हे पटलं की चपला घालायला वेळ लागत नाही. त्यांच्यातलं कोणीतरी हे कॅम्पातल्या त्या बाईलाही जाऊन सांगेल, निदान तेवढं तरी, अशी मावशीची आशा होती. कोणी सांगितलं की नाही, कोण जाणे.

मामाची पाठ पुन्हा धरली आणि तो दुसऱ्या बहिणीकडे राहायला गेला. आजी रडरड रडली. आपल्याच हातून काही विटाळ झाला, म्हणून आई रुसली, असं तिने मनाला लावून घेतलं आणि देवी परत यावी म्हणून मंगळवारचे उपास धरले. इकडे देवीने टाकलेली पोर म्हणून नवसीला स्थळ येईना. तेव्हा आजोबांनी जन्मात पहिल्यांदा स्वतःहून एक वाक्य काढलं: “जाऊ दे तिला शाळंन, नाय तरी घरान बसून काय करंल?” लेकीची हुशारी दिसत होती तोवर शाळा बंद, आणि हुशारी गेली असं वाटल्यावर शाळा सुरू! याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. मावशीने दप्तर उचललं.

ती फायनल पास झाली. सत्तावन्न साली पालेगावात एका खोलीची शाळा निघाली आणि तिथेच तिची नेमणूक झाली. पहिल्याच दिवशी पोरं सवयीने डोलायला लागली तशी ती कडाडली, “हलायचं नाही! डोकं चालवा, अंग नको!” मग तिने फळ्यावर लिहिलं, एकोणीस गुणिले चौदा, आणि वीस मोळ्यांची गोष्ट सांगून खाली उत्तर मांडलं, दोनशे सहासष्ट.

त्या दिवशी मंगळवार होता. लेकीला खुर्चीवर बसलेली बघायला आजी उपाशीपोटी दारात उभी होती. अक्षर येत नव्हतं, पण पोरांनी मोठ्याने म्हटलेलं उत्तर तिला ओळखू आलं. शाळा सुटेपर्यंत ती तिथून हलली नाही. पोरं गेल्यावर आत आली.

“तुला येतंय मंग. त्या दिशी चुकलीस कशी?”

“चुकले नाय, आये. चुकवलं.”

इतक्या वर्षांचे उपास आजीच्या डोळ्यांपुढून गेले असणार. मग तिला राग आला, खरा राग, आणि ती ओरडली, “मंग मना तरी सांगायचं व्हतंस!”

मावशीने फळा पुसला नाही. फडकं टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, “सांगितलं व्हतं, आये. पयल्याच दिशी. तू कुंकू लावलंस.”