आप्पा निकमांचं स्टिअरिंग

आप्पा निकम कुणाच्याही बगीला हात लावण्याआधी चपला काढत. ऊन तापलेलं असो, पायाला खडे टोचत असोत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, यांच्या चपलेचा अंगठा तुटला असेल. मी तसं विचारलंही. तर म्हणाले, "आवं, बसवर असताना पण काढायचो. पाय मोकळा असला की गाडीचं बोलणं आतपतुर येतं." आता ही बगी म्हणजे रिमोटवर पळणारी, हातभर लांबीची शर्यतीची गाडी. तिच्यात कुणाचा पाय जायचा प्रश्नच नव्हता. पण हे आप्पांना कोण सांगणार?

उभी हयात त्यांनी साताऱ्याहून शिरवळला कामगारांची ने-आण करणारी एका कारखान्याची बस चालवली. निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा मुंबईच्या मुलानं सुट्टीत आपल्या पोरांसाठी ही बगी आणली. सुट्टी संपली, पोरं गेली, बगी आप्पांकडे राहिली. आमच्या गल्लीतून ती धुरळा उडवत पळताना पाहून मीच त्यांना आमच्या कंपूत ओढलं. साताऱ्याच्या बाहेर एका पडीक माळावर आम्ही जुने टायर अर्धे पुरून ट्रॅक केला होता. दर रविवारी सकाळी तिथं जमायचो. मी कचेरीतला कारकून, बाकी दुकानदार, दोन निवृत्त फौजी, आणि सगळ्यांना धरून ठेवणाऱ्या सुनंदा मॅडम. त्या तंत्रनिकेतनात शिकवत आणि गाड्या जुळवण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आप्पांची रीत वेगळी. गाडी खोक्यावर ठेवायची, एकेक कोपरा तळव्यानं दाबायचा आणि सोडायचा. "बसती कशी ते समदी बघत्यात. उठती कशी ते बघा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा माझी बगी सारखी डावीकडे ओढत होती. मी रिमोटवर स्टिअरिंग उजवीकडे सरकवून सरकवून थकलो. आप्पांनी चार कोपरे दाबले आणि पुढच्या डाव्या शॉकअपला बोट लावून मला दाखवलं. बोटाला तेल लागलं होतं. "ही लंगडतीया गड्या. लंगड्याला सरळ चाल म्हणून दटावून काय उपेग?"

माणूस प्रेमळ, पण हाताचा अभिमान भारी. "ह्या हातानं कवा कुणाला खरचटलं न्हाई," म्हणायचे. "डायवर बरा असला की दोष गाडीचा, न्हाईतर मिस्त्रीचा." मग खंबाटकी घाटाची गोष्ट हमखास निघायची. नोकरीच्या शेवटच्या काळात शिरवळहून परत येताना, घाट ओलांडून सरळ रस्त्याला लागल्यावर, कारखान्याच्या मिस्त्रीनं तीन-चारदा बघूनही हलणारं बसचं स्टिअरिंग पुन्हा थरथरायला लागलं. आप्पांनी बस कडेला घेतली, चाकामागं दगड लावला आणि सांगितलं, मागं बसभर माणसं हायेत, मी ही गाडी पुढं नेणार न्हाई. दुसऱ्या दिवशी साहेबांकडे तक्रार केली. कारखान्याच्या गॅरेजातल्या कोळेकर मिस्त्रीला कामावरून काढलं. "नटबोल्ट आवळायचं एवढं काम, ते बी जमंना त्येला," असं म्हणून आप्पा गोष्ट संपवत आणि आम्ही सगळे मान डोलवत असू.

दिवाळीनंतर आप्पांच्याच बगीनं खोडी काढली. वळणावर झकास जायची, पण सरळ पट्टा आला की पुढची चाकं थरथरायची आणि गाडी नागमोडी पळायची. सुनंदा मॅडमनी ती हातात घेतली. चाकांना जोडणाऱ्या दांड्यांचे सांधे ढिले असतील म्हणून ते बदलले. चाकं वळवणारी छोटी मोटर असते, सर्व्हो म्हणतात तिला, तीही नवी घातली. चाकांची बेअरिंग पाहिली, शॉकअपमध्ये घट्ट तेल भरलं, पुढची चाकं किंचित आत वळवून पाहिली. आप्पा रविवारी गाडी पळवत आणि म्हणत, "न्हाई, तसंच हाय."

अशात सांगलीच्या मंडळींनी शर्यत ठेवली. ऊस गेलेल्या एका रानात रोलर फिरवून झकास ट्रॅक केला होता, उड्यांसाठी मातीचे उंचवटेही. आप्पा पहिल्या वळणापर्यंत सगळ्यांच्या पुढे होते. मग सरळ पट्टा लागला. बगी झोकांड्या खात कडेच्या टायरवर आदळली आणि पुढच्या चाकाला धरणारा एक दांडा, हात म्हणतात त्याला, तोच मोडला तिचा.

आप्पा तरातरा आले आणि सगळ्यांदेखत सुनंदा मॅडमवर कडाडले, "येत नसंल तर हात लावू नगा दुसऱ्याच्या गाडीला! पोरास्नी काय शिकवता वो तुमी? असंच ढिलं?"

सांगलीची अनोळखी माणसं बघत राहिली. मॅडमचा चेहरा उतरला, पण त्या एवढंच म्हणाल्या, "राहिलं असेल काहीतरी आप्पा. पुन्हा बघते."

आप्पा लांब लिंबाखाली जाऊन बसले. मी मॅडमना म्हटलं, "तुम्ही ऐकून का घेतलंत?"

त्या मोडक्या गाडीचे स्क्रू वेचत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सकाळी मी स्वतः पळवून पाहिली ती. सुतासारखी सरळ गेली. तुम्ही त्यांचा उजवा हात पाहिलात का कधी? चहाची कपबशी धरतात तेव्हा?"

मी लिंबाकडे पाहिलं. आप्पांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता.

आठवड्याभरानं त्यांनी मला घरी बोलावलं. अंगणात खोक्यावर बगी, पुढचा मोडका हात बदललेला. "आज तुझ्यादेखत पकडतो तिची चोरी," म्हणाले. रिमोट हातात घेतला. पुढची चाकं थरथरायला लागली. "बघ! बघितलंस?" दाखवण्यासाठी त्यांनी रिमोट खुर्चीवर ठेवला आणि गाडीजवळ वाकले. चाकं गप्प.

ते तसेच वाकून राहिले. मग उठले, रिमोट उचलला. चाकं थरथरली. ठेवला. चाकं थांबली. रिमोटवरच्या स्टिअरिंगच्या छोट्या चाकावर टेकलेली स्वतःची बोटं त्यांनी त्या दिवशी, मला वाटतं, पहिल्यांदा पाहिली. वळवताना बोटांना काम असे, तेव्हा ती स्थिर राहत. विसावली की हलत.

आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, दारात उभ्या होत्या. त्या आत गेल्या.

"मॅडमला ठावं हुतं?" आप्पांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"आन् तरी तिनं माझं ऐकून घेतलं, चारचौघांत." ते पायरीवर बसले. म्हणाले, "बस पण सरळ रस्त्यालाच हलायची रं."

मला कळायला एक क्षण लागला. मग खंबाटकीची गोष्ट आठवली. "त्याला वर्षं झाली आप्पा. तेव्हा हात चांगला असेल. बसचंच काही ढिलं असेल."

"असंल. नसंल बी. पर म्या कवा हाताकडं बघितलंच न्हाई. सरळ मिस्त्रीकडं बोट केलं."

डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या सुरू झाल्या. सुनंदा मॅडमच्या घरी जाऊन आप्पांनी त्यांची माफी मागितली. मॅडमनी त्यांना बसवून पोहे खायला घातले आणि विषय तिथंच मिटवला. पण आप्पांचं मिटेना. माळावर येणं बंद. हात खिशात घालून भिंतीकडेनं चालायचे. ओळखीचं कुणी दिसलं की गल्ली बदलायचे. काकू म्हणायच्या, "रातच्याला एकच बडबड चाललीया, कोळेकर, कोळेकर."

शेवटी कुणाकुणाला विचारून पत्ता काढला. कोळेकर सांगलीच्या बाहेर ट्रॅक्टर दुरुस्तीचं काम करत होते. मी आप्पांना घेऊन गेलो. ट्रॅक्टरखालून एक माणूस बाहेर आला, आप्पांना ओळखून उभा राहिला आणि हात पुसत राहिला. आप्पांनी खिशातून उजवा हात काढला आणि त्यांच्यापुढे धरला. तो हलत होता.

"ह्यो बघ. बसमधी ह्योच असंल हलत. तुझं काय चुकलं नसंल. मी माफी मागाय आलोय."

कोळेकरांनी हाताकडे पाहिलं. पोऱ्याला न धाडता स्वतः जाऊन चहा सांगून आले. चहा आला. मग ते शांतपणे म्हणाले, "ती बस मी चारदा खोलली हुती आप्पा. काय घावंना. शिरवळात कोण काम देईना, म्हणून हिकडं आलो. माझा बाप तिकडं शिरवळात वारला, तोंड बघाय मिळालं न्हाई. त्ये बी जाऊ दे. पर इतकी वर्सं मी असंच धरून चाललो की मला काम येत न्हाई. अजून एक नट आवळला की तीनदा बघतो. त्येचं काय करायचं, सांगा."

 आप्पा उभेच राहिले, हात तसाच पुढे. कोळेकर पुन्हा ट्रॅक्टरखाली गेले. माफ केलं असं ते म्हणाले नाहीत.

परतीच्या वाटेवर कराड मागं पडलं. मग आप्पा म्हणाले, "च्या पाजला त्यानं. मी पाजला नसता."

पुढच्या रविवारी ते माळावर आले. रिमोट हातात घेतला नाही. ट्रॅकमध्ये उभे राहून उलटलेल्या बग्या सरळ करून द्यायचं काम त्यांनी मागून घेतलं. हात खिशात घातला नाही. त्या हातानं गाडी उचलताना ती थडथडायची आणि सगळ्यांना दिसायचं. कुणी नवखा आला आणि गाडी नीट जात नाही म्हणून जुळवणाऱ्यावर चिडला, तर आप्पा त्याला बाजूला घेऊन खंबाटकीची गोष्ट सांगत. आता तिचा शेवट वेगळा होता, आणि तो सांगताना त्यांची मान खाली जायची. एकदा मी म्हटलं, "आप्पा, दर वेळी कशाला?" ते म्हणाले, "आधी लय वेळा खोटी सांगितली न्हवं? तेवढ्या वेळा खरी सांगाय पायजे."

तेवढा वेळ मिळाला नाही. गेल्या थंडीत छातीत कफ धरला आणि आप्पा गेले. तिसऱ्या दिवशी, सगळं आवरल्यावर, मी कोळेकरांना फोन लावला. कळवायला हवं, एवढंच वाटलं. मागं कुठंतरी हातोड्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

"शेवटाला हात लय हलायचा का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग जेवायचे कसे?"

"काकू भरवायच्या," मी म्हणालो.

पलीकडं हातोडा टेकवल्याचा आवाज आला. मग कोळेकर म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला.