चार नंबरचा माईक

सभागृहाच्या मागच्या भिंतीला लागून काचेची एक खोली आहे, कपाटाएवढी. तिच्यात सतरा वर्षं बसून हॅलोकाकांनी हवामानबदलावरची इतकी भाषणं ऐकलीत, की एखादा दगड असता तर एव्हाना प्राध्यापक झाला असता. पण त्यांना विचारा, काल कोण काय बोललं? म्हणतील, "तिसरा वक्ता 'स' फार ओढतो आणि त्या बाई माईकला चिकटून बोलतात." बस्स! माईकवाल्याचे कान आवाजासाठी असतात हो, शब्दांसाठी नाही. शिट्टी येते का, घरघर होते का, एवढंच. रोज सकाळी रिकाम्या खुर्च्यांना "हॅलो, हॅलो" करतात, म्हणून नावही तसंच पडलं.

एका गोष्टीवरून मात्र त्यांचं डोकं दर वेळी फिरायचं. मंचावर तीन माईक आणि लोकांसाठी एकच, चार नंबरचा, खाली दोन रांगांच्या मध्ये उभा. मंचावरचे तिघं दोन तास बोलणार. तेही कुठे? एसी इतका गार की पृथ्वी तापल्याचं सांगायला माणसं स्वेटर घालून येतात! लोकांच्या वाट्याला शेवटची दहा मिनिटं, त्यातही माणशी दोन. दोन मिनिटं झाली की अध्यक्ष चष्मा काढायचे. ती खूण. चष्मा निघाला की काकांनी चार नंबरचं बटण दाबायचं आणि माईकच्या मानेवरचा हिरवा दिवा विझायचा. बोलणाऱ्याला वाटायचं, मशीन बिघडलं. सगळ्यांची अब्रू शाबूत.

आणि या वेळी त्या चार नंबरवर काकांची सख्खी ताई बोलणार होती.

ताई इस्पितळाच्या धुलाईघरात. वर पत्रा, आत वाफेच्या इस्त्र्या आणि चौदा बायका. काम नऊ ते चार, म्हणजे ऐन उन्हाचं. गेल्या उन्हाळ्यात त्यांच्यातली एक चादरींच्या ढिगावर कोसळली. ती जगली, पण अजून तिच्याच्याने बादली उचलवत नाही. बायकांनी मग आपसात बसून उपाय काढला. पहाटे पाचला यायचं, बाराला घरी जायचं. पंखा नको, पैसा नको, फक्त मागचं फाटक नऊच्या ऐवजी पाचला उघडायचं. साहेबांना विचारलं तर म्हणाले, माझ्या हातात नाही, वर विचारा. वरचे म्हणाले, सभागृहातल्या हवामानाच्या जनसंवादात मांडा, तिथलं सगळं लेखी आमच्याकडे येतं. हा जनसंवाद उन्हाळ्याआधीचा शेवटचा. पुढचा सहा महिन्यांनी. म्हणजे वरातीमागून घोडं.

आठवडाभर ताई काकांच्या स्वयंपाकघरात झारा तोंडासमोर धरून सराव करत होती.

"चार बोटं लांब धर. आणि टकटक करू नकोस," काका शिकवायचे.

"ए शहाण्या, तू बोलायला शिकलास तो माझ्या मांडीवर बसून!" ताई म्हणायची. पण झारा चार बोटं लांब धरायची. सगळं म्हणणं तिने चाळीस सेकंदांत बसवलं. काकांनी घड्याळ लावून बघितलं होतं.

त्या दिवशी पहिले दोन वक्ते जग वाचवून खाली बसले. तिसऱ्याने चित्रं दाखवली, ती उलटी आली, मग सुलटी केली. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं! काका काचेमागे दात-ओठ खात बसले. शेवटी चहा आला आणि चहाबरोबर लोकांची पाळी.

ताई उठली. इस्त्री केलेली साडी, हातात कागद नाही. तोंड उघडणार तोच अध्यक्ष म्हणाले, "थांबा, थांबा. आधी या भगिनींचं कौतुक करू या. तळागाळातून असा सहभाग हवा!" मग कुठून आलात, किती वर्षं काम करता, मुलं किती. त्या कौतुकातच दीड मिनिट गेलं. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अहो, बोलू द्या ना तिला!

ताई बोलू लागली. चार बोटं अंतर, अगदी बरोबर. आवाज इतका स्वच्छ आला, की काका सवयीने फक्त आवाजच ऐकत बसले. "इस्पितळाच्या मागे आम्ही चौदा बायका काम करतो. आमचं एवढंच म्हणणं आहे, की मागचं फाटक..."

अध्यक्षांनी चष्मा काढला आणि काकांच्या बोटाने बटण दाबलं.

काकांनी नाही, बोटाने. सतरा वर्षांची सवय ती. दिवा विझला आणि मग काकांना दिसलं, की अध्यक्ष रुमालाने काच पुसतायत. चहाच्या वाफेने चष्मा धुरकटला होता, बाकी काही नाही! त्यांनी तडक बटण पुन्हा दाबलं. पण आवाज थांबला म्हणजे बाईंचं संपलं, असं समजून अध्यक्ष म्हणाले, "वा! थोडक्यात आणि छान!" टाळ्या पडल्या. टाळ्यांत, माईकपासून मागे वळलेल्या ताईचे ओठ हलताना दिसले, ऐकू काहीच आलं नाही. शेजारच्या बाईने तिच्या हाताला धरून तिला खाली बसवलं. हिरवा दिवा पुढची तीन मिनिटं कुणासाठीही नसताना पेटलेला होता.

दारात चौदातल्या पाच-सहा जणी उभ्या होत्या. ताई त्यांना सांगत होती, "मशीन जुनं आहे गं. ऐन वेळी दगा दिला. माझा भाऊ काय करणार?" काका तारा गुंडाळत राहिले. मान वर झाली नाही.

पंधरा दिवसांनी फाटकाला नवं कुलूप लागलं. चांगलं मोठं, पितळी. इतिवृत्त लिहिणाऱ्याने रेकॉर्डिंगमध्ये 'फाटक' एवढंच ऐकलं आणि लिहून टाकलं, महिला कामगारांची मागच्या फाटकाच्या सुरक्षेबाबत तक्रार. रोग रेड्याला, औषध पखालीला! आता पहारेकरी नऊच्या आधी कुणाला फाटकाजवळ उभंही राहू देत नाही.

त्या रविवारी काका ताईच्या घरी गेले. ताई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसली होती. हातावर उष्णतेचं लाल पुरळ उठलं होतं.

"ताई, मशीन बिघडलं नव्हतं. मी बंद केलं. त्यांनी चष्मा काढला, आणि माझा हात..."

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"दिवा विझताना बघितला ना मी. वळून तुझ्याकडेही बघितलं. तुझं बोट बटणावरच होतं." तिने टॉवेल पिळून पुन्हा डोक्यावर ठेवला. "मग त्या बायकांना काय सांगायचं होतं मी? माझ्या सख्ख्या भावाने माईक बंद केला म्हणून?"

काका तिच्यासमोर जमिनीवरच बसले.

"ऊठ, पाणी दे मला," ताई म्हणाली. "उद्या परत नऊला जायचंय."