गिनतीतला नववा

सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि वर्षभरात घरचे मला कंटाळले. दारातल्या चपला एका रेषेत का नाहीत, यावर माणूस रोज किती भांडणार? संध्याकाळ झाली की मला बसवत नसे. अंगणातून दारात आणि दारातून अंगणात फेऱ्या मारत असे. ओमानमध्ये उत्खननाच्या कॅम्पला इनचार्ज हवा होता. बायकोच म्हणाली, जाऊन या.

दुक्मच्या रस्त्यापासून बरंच आत आमचा कॅम्प होता. रस्ता आणि कॅम्प यांच्यामध्ये वादी, म्हणजे कोरडी नदी. कॅम्पलगतच्या टेकाडाखाली एक गाडलं गेलेलं शहर निघत होतं. लोबानाचे तांडे तिथे पाण्यासाठी थांबायचे. पाण्यावर ताबा म्हणजे वाटेवर ताबा, म्हणून समुद्रापलीकडच्या कुठल्याशा साम्राज्याने तट बांधून शिपाई ठेवले होते. मग हल्ला झाला, दरवाजा जळला, विहीर बुजली आणि शहर वाळूखाली गेलं.

माझं काम साधं होतं. जनरेटर, पाणी, रेशन आणि संध्याकाळी सगळ्यांची गिनती. आम्ही आठ जण. प्रमुख डॉक्टर आस्मा मस्कतच्या, त्यांचे तीन सहायक, दोन मजूर, मी आणि ड्रायव्हर गफूर मुकादम. गफूर रायगडच्या किनाऱ्यावरचा. तीस वर्षं मस्कतजवळच्या बरका आणि गाला इथे गाड्या हाकून इकडे आलेला. सहायकांना माझी गिनती म्हणजे करमणूक वाटायची. गफूर मात्र वेळेवर उभा राहायचा आणि म्हणायचा, "सुभेदारांची गिनती कधी चुकाची नाय."

तटाच्या दरवाजापाशी, अगदी वादीच्या काठावर, एक सांगाडा निघाला. बरगडीत लोखंडी बाणाचं टोक. वरून भिंत पडलेली. बाकी शिपायांचा पत्ता नाही. डॉक्टर म्हणाल्या, चौकी सोडून गेले असतील. मी विचारलं, मग याला का नाही नेलं? त्या म्हणाल्या, "मालूम नहीं, सुभेदार. टाइम नहीं मिला होगा." त्या दिवसापासून माझं जेवणात लक्ष लागेना.

याचं कारण दत्ताराम. नाईक दत्ताराम साळुंखे माझ्याच सेक्शनचा. ग्लेशियरवर पोस्ट बदलताना हिमकडा कोसळला आणि दत्ताराम खाली गेला. आम्ही हवा साथ देईपर्यंत खणलं. मग हुकूम आला, खाली या. आलो. तो सापडला नाही. आमच्या कंपनीत एक रीत होती. ज्याचा देह परत आला नाही, त्याचं नाव गिनतीतून काढायचं नाही. रोज संध्याकाळी नाव पुकारायचं आणि शेजारच्याने 'हाजिर' म्हणायचं. दत्तारामच्या शेजारी मी होतो. निवृत्त होईपर्यंत मी दोनदा हाजिर म्हणत आलो, एकदा माझ्यासाठी आणि एकदा त्याच्यासाठी. घरी गेल्यावर ते थांबलं.

एका सकाळी एक म्हातारा बदू, म्हणजे वाळवंटातला भटका उंटवाला, कॅम्पवर चहा प्यायला आला होता. तेवढ्यात समुद्रात वादळ उठल्याची खबर आली. मस्कतहून आदेश होता की सामान टाका आणि दुपारपर्यंत वादी ओलांडा. आभाळ डोंगराच्या बाजूला काळं झालं होतं. दरवाजाची भिंत पुरात जाणार हे आंधळ्यालाही दिसत होतं.

"मॅडम, याला काढू."

"खलास, सुभेदार. छोड़ दो."

"अर्धा तास. भिंतीला टेकू मी देतो. आयुष्यभर तेच काम केलंय."

त्यांनी एकदा आभाळाकडे पाहिलं, एकदा खड्ड्याकडे. मग स्वतःच प्लास्टरचं पोतं ओढत आणलं.

मी खाटांच्या फळ्या आडव्यातिडव्या ठोकल्या. त्यांनी सांगाड्याला प्लास्टरचं आवरण चढवलं. खालची माती तशीच ठेवून तो अखंड पेटीत घेतला आणि पिकअपवर चढवला. गफूर दुसऱ्या गाडीतून डॉक्टर आणि सहायकांना घेऊन आधी पलीकडे गेला. मागून मी, दोन मजूर आणि पेटी. तेव्हा वादीत घोट्याएवढं पाणी होतं.

काठावर चढल्यावर मी पेटीवर हात ठेवला आणि वॉकीटॉकीवर पोलीस चौकीला कळवलं. "कॅम्प रिकामा. नऊ जण. सगळे बाहेर."

तोंडातून नऊ गेलं. मला कळलंसुद्धा नाही. मी ताडपत्री बांधायला लागलो.

डॉक्टरांची किंकाळी ऐकू आली. वळून पाहिलं तर गफूर वादीच्या मध्यावर होता आणि कॅम्पकडे पळत होता. वरच्या वळणावरून मातकट पाणी झाडंझुडपं घेऊन येत होतं. मी ओरडलो, पण वाऱ्यात आवाज पोचेना. गाडीचा हॉर्न दाबून धरला तेव्हा तो थांबला आणि वळला. तोवर पाणी त्याच्या कमरेला आलं होतं. दोर पिकअपला बांधून फेकला. पहिला चुकला. दुसरा त्याने दंडाला गुंडाळला. आम्ही सगळ्यांनी ओढला. माझे हात बर्फातल्यासारखे बधिर झाले होते, पण या वेळी दोराच्या टोकाला माणूस होता.

गफूर काठावर पडून खोकत राहिला. मग म्हणाला, "वॉकीटॉकीवर नऊ आयकला, हितं तर आठच. नववा कोन? मना वाटला, सकाली चाय प्यायला आलेला तो म्हातारा बदू. उंट बांदून आपल्या तंबूत निजलेला आसंल."

"मला विचारायचं तरी!"

"तुमाला काय विचाराचा? तुमी बोललाव नऊ, म्हंजे नऊ."

मी पेटीकडे बोट दाखवलं. गफूरने पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मला अशी सणसणीत शिवी दिली की फौजेतही तशी ऐकली नव्हती. मी ऐकून घेतली. मला रडू येत होतं आणि ते लपवायचं त्राण नव्हतं. मागे दरवाजाची भिंत पाण्यात बसली.

वाटेत मी त्याला दत्तारामबद्दल सांगितलं. इतक्या वर्षांत फौजेबाहेरच्या कुणाला पहिल्यांदाच. तो गाडी चालवत राहिला.

दुसऱ्या दिवशी बरक्याला एका गोदामात आमची सोय झाली. पेटी मस्कतच्या माणसांनी नेली. डॉक्टर म्हणाल्या, कुठल्या साम्राज्याचा शिपाई ते कदाचित कधीच कळणार नाही. मी म्हटलं, चालेल, बाहेर आला ना. संध्याकाळी मी गोदामात येरझाऱ्या घालत होतो. गफूर उठला आणि टाळी वाजवली.

"यल्ला, उभे रव्हा. गिनती."

सगळे उभे राहिले. सहायकही हसले नाहीत. आठ झाले.

"आता त्या तुमच्या दोस्ताचा नाव घ्या," गफूर म्हणाला.

मी परेडच्या आवाजात पुकारलं, "नाईक दत्ताराम साळुंखे."

मी तोंड उघडायच्या आत शेजारून गफूर म्हणाला, "हाजिर."