हाकेला पुरेल असं नाव

नाव कागदावर बघून ठरवू नये, दारात उभं राहून हाक मारून बघावं, असं मावशींचं ठाम मत होतं. आणि हे मत काही हवेतून आलेलं नव्हतं. मुलांच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात एकतीस वर्षं त्यांनी हेच काम केलं होतं. खणातून कार्ड काढायचं, आतल्या दारात यायचं आणि बाळाचं नाव पुकारायचं. बाहेर तीन लांब बाक, रडारड, खोकला, कुणाच्या तरी हातातला खुळखुळा. या गदारोळातून शेवटच्या बाकापर्यंत पोचलं ते खरं नाव. बाकीची नुसती छापायला बरी.

मुलग्यांच्या नावांबद्दल त्यांना फारसं काही म्हणायचं नसे. मुलींच्या नावांवर मात्र विचारा किंवा न विचारा, मत तयार. अनाया, अमायरा, अनायरा... एकीला बोलवावं तर तिघींच्या आया उठतात. "एकाच ताग्यातून कापलेली झबली," मावशी म्हणायच्या. 'त्विषा' पुकारताना त्यांची कवळी सरकायची. उलट 'सुमन' कसं, तहान लागल्यावर पाणी प्यावं तसं. 'नलिनी' हाक मारली की मुलगी सावकाश येणार, केसांची बट मागे सारत. 'कुंदा' येणार ती धावत, गुडघा फोडून घेऊन. कार्ड हातात धरून मावशी अशा हरवायच्या की मनातल्या मनात त्या मुलीचं शिक्षण, लग्न सगळं उरकून परत येईपर्यंत आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज यायचा, "मावशी, पाठवताय ना कुणाला?"

एक नाव मात्र त्यांनी कधीच पुकारलं नव्हतं. वासंती. इतक्या वर्षांत त्या नावाचं कार्डच आलं नाही. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हाच त्यांनी ते ठरवून टाकलं होतं. झाला मुलगा. पुढच्या वेळी बघू म्हणाल्या, तर पुढची वेळ आलीच नाही. मुलाचं सगळं त्यांनी हौसेनं केलं, हातचं राखून काही केलं नाही, पण वासंतीही मनात वाढत राहिली. तिचे दुधाचे दात पडले, ती रुसली, परीक्षेला बसली, तिला चष्मा लागला. दुपारी दवाखाना बंद असताना मावशी बाक पुसायच्या तेव्हा काचेतून तिरपं ऊन यायचं, आणि शेवटच्या बाकावर ती पाय हलवत बसल्यासारखी वाटायची. हाक मारायचा मोह व्हायचा. मावशी मारत नसत. रिकाम्या खोलीत हाक मारायची आणि कुणी यायचं नाही, हे त्यांना सोसणारं नव्हतं.

मग मुलाला मुलगी झाली. सून मोकळ्या मनाची. फोनवर चाळीस नावांची यादी घेऊन ती सासूजवळ येऊन बसली.

"आई, यात तुमचा हात धरणारं कुणी नाही. सांगा बघू."

मावशींनी एकेक नाव निकालात काढलं. हे फार तोऱ्याचं, ते खोकल्याच्या औषधाचं वाटतं, हे हाक मारेपर्यंत पोरगी रस्त्यापार जाईल. सून हसून हसून दमली. अखेर यादी संपली. हातातल्या दुपट्याकडे बघत मावशी म्हणाल्या, "वासंती कसं वाटतं?"

सुनेनं फोन खाली ठेवला. "गोड आहे हो आई. पण... आजीचं नाव वाटतं ना?"

"आज्या काय आज्या म्हणूनच जन्माला येतात?"

"आई, शाळेत चिडवतील गं तिला," मुलगा म्हणाला, आणि ते नाव हसण्यावारी गेलं.

मुलीचं नाव कियांशी ठेवलं. मावशींनी दारात जाऊन दोनदा हाक मारून पाहिली, "पोचतं," म्हणाल्या, आणि आत येऊन घडी घातलेल्या दुपट्याची पुन्हा घडी घातली. राग कुणाचाच नव्हता. वाईट मात्र वाटलं, फार वाईट वाटलं.

पुढच्याच महिन्यात दवाखान्यात एक तरुण आई आली. अडीच महिन्यांची मुलगी, आणि कार्डावर अजून नुसतं 'बाळ, मुलगी'.

"माहेरचे म्हणतात हे ठेव, सासरचे म्हणतात ते ठेव," ती वैतागून म्हणाली. "नवरा म्हणतो, तुमचं ठरलं की मला सांगा. मावशी, तुम्हीच सुचवा बाई एखादं. दोन्ही घरांचं नसलेलं."

एरवी मावशींच्या तोंडून दहा नावं निघाली असती. त्या दिवशी ओठांवर एकच आलं, आणि तेही त्यांनी गिळलं. हे दिलं की गेलं. उद्या नातीला बहीण झाली तर? आणि शेवटच्या बाकावरच्या त्या मुलीला काय सांगायचं? "बघते," म्हणून त्या वळल्या आणि पुढच्या दोन बाळांच्या कार्डांची अदलाबदल करून बसल्या.

वजनकाट्यावर ती बिननावाची मुलगी हातपाय झाडत होती. मावशींनी तिच्या पोटावर हात ठेवला तशी ती थांबली आणि टक लावून त्यांच्याकडे बघत राहिली. जन्मल्यापासून या पोरीला कुणी नावानं हाक मारलेली नाही, हे मावशींच्या मनात आलं, आणि त्यांना आपल्या कंजूषपणाची लाज वाटली.

"वासंती," त्या म्हणाल्या.

आईनं ते दोनदा पुटपुटून पाहिलं. "अय्या, हे आमच्यात कुणाला सुचलंच नाही!"

महिन्यानं ते कार्ड वर आलं. निळ्या शाईत नाव. मावशी दारात उभ्या राहिल्या आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडून आवाज फुटेना. दुसऱ्यांदा फुटला. "आलो, आलो!" म्हणत आई उठली. त्या दुपारी बाक पुसताना शेवटचा बाक खरोखरच रिकामा दिसला. इतकी वर्षं मनात वाढवलेली मुलगी निघून गेली होती. मावशी फडकं मांडीवर ठेवून तिथेच बसल्या आणि मनसोक्त रडल्या.

नवव्या महिन्याच्या लशीला ती आईच्या कडेवर आली. मग दीड वर्षाची लस आली. मावशींनी कार्ड काढलं, दारात आल्या, हाक मारली. शेवटच्या बाकावरून एक मुलगी पोटावर घसरत खाली उतरली. आईचा हात तिनं झटकला. एका बुटाचा बंद लोंबत होता, तशीच डुलत डुलत ती दारापर्यंत चालत आली आणि तिनं मावशींचा गुडघा धरला.

मुलगी समोरच उभी होती. तरी मावशींनी पुन्हा एकदा हाक मारली.