घोटबाई

लोकांना वाटायचं, ती मुलांना बोलायला शिकवते. स्पीच थेरपिस्ट म्हटल्यावर दुसरं काय वाटणार? पण कित्येक वर्षं तिचं सगळं काम गिळण्याशी होतं. अर्धांगाचा झटका येऊन गेलेला, घशाचं ऑपरेशन झालेला किंवा नुसताच थकलेला, असा कुणी आला की ती त्याच्या गळ्यावर चार बोटं ठेवायची, चमचाभर पाणी द्यायची आणि म्हणायची, "तोंडात धरून ठेवू नका. गिळा." बोटांखाली गळ्याची घाटी वर जाऊन खाली आली की लगेच, "आता आ म्हणा." आ स्वच्छ आला तर ठीक. गुळणी करताना येतो तसा घरघरत आला, तर पाणी चुकीच्या नळीच्या तोंडाशी अडकलंय हे ओळखायचं. वॉर्डातल्या नर्सेस तिला घोटबाई म्हणत. अर्थात पाठीमागे, पण इतक्या मोठ्याने की तिला ऐकू न जाण्याची सोयच नव्हती.

"ह्यांना आता तोंडाने काही देऊ नका," हे वाक्य इतक्या नातेवाइकांना सांगून झालं होतं की ते तिच्या जिभेवर गुळगुळीत झालं होतं. नोकरीच्या सुरुवातीला ते सांगून आल्यावर तिला डबा उघडवत नसे. मग कधीतरी उघडवायला लागला. समोर कुणी ढसाढसा रडलं तरी ती त्याच्या खांद्यापलीकडे बघत पुढच्या पेशंटचा विचार करी. दगड म्हणावं तर तशीही नव्हती. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर गाल आपला असूनही आपला वाटत नाही, तसं काहीसं झालं होतं. कधी झालं, हे तिलाही सांगता आलं नसतं.

तर अशा बाईच्या सासूबाईंना झटका आला. डावी बाजू गेली, उच्चार जड झाले, पण जिभेचा तिखटपणा जागच्या जागी. पातळ काही द्यायचं नाही, पाणी असो की चहा, पावडर घालून दाट करायचं, असं सुनेनेच ठरवलं. पहिल्याच कपाला सासूबाई म्हणाल्या, "हा चहा आहे की खळ? माझ्या पोटात काय पाकिटं चिकटवायचीत?"

"दाट असलं की हळू उतरतं, आई. फुप्फुसात जात नाही."

"चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे. घे, घे वचपा काढून."

सून हसली नाही. तिने चमचा पुढे केला.

सुट्टीच्या दिवशी ती ओटा पुसत असताना आतून सासूबाईंनी हाक मारली, "अगं, पंखा जरा कमी कर." हाकेत घरघर होती. ती फडकं हातात घेऊनच आत गेली. कपाळाला हात लावला तर अंग कढत. उशाशी कप होता आणि त्याच्या तळाला चहा. साधा, पातळ.

मागून नवरा आला. त्याने काही लपवलं नाही, उलट त्याचा चेहरा उजळला. "तुला नंतर सांगणार होतो. तू कामावर गेलीस की रोज दुपारी देतो तिला. आणि काय सांगू, एकदासुद्धा ठसका लागला नाही! सुधारतेय आई."

सगळीच घरं हीच चूक करतात. ठसका नाही म्हणजे नीट उतरलं, असं माणसाला वाटणारच. पण झटक्यात कधीकधी घशाची जाणीवच जाते. चहा श्वासनलिकेत उतरतो आणि घशाला पत्ताही लागत नाही. ठसका न लागणं हीच वाईट बातमी होती.

तिने ती वॉर्डातल्याच आवाजात दिली, त्याच्या खांद्यापलीकडच्या खिडकीकडे बघत. "तो चहा त्यांच्या फुप्फुसात जात होता. ताप त्याचाच आहे."

"म्हणजे मी माझ्या हाताने..." म्हणत तो मटकन खुर्चीत बसला. आता याच्या पाठीवर हात ठेवायला हवा, हे तिला समजत होतं. तिने फडक्याची घडी केली.

डॉक्टरांनी छाती तपासली, औषध सुरू केलं आणि दोघांना बाहेर बोलावून सांगितलं, "हे पुन्हा पुन्हा होणार. एक तर नाकातून नळी घालू, किंवा धोका आहे हे धरून तोंडाने जेवढं सुखाने जाईल तेवढं देऊ. त्यांना विचारा आणि ठरवा."

"तूच ठरव," नवरा म्हणाला. "माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही."

ताप उतरल्यावर ती सासूबाईंजवळ बसली. तिने तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "त्याला कशाला सांगितलंस?"

"सांगावं लागतं, आई."

"छातीत घुरघुरतंय हे मला कळत होतं गं. पण कप घेऊन येताना त्याचं तोंड कसं असायचं, ते तू पाहिलं नाहीस. चहा कसला, धुवणच ते! तरी प्यायले." सुनेने डॉक्टरांचे दोन्ही पर्याय सांगितल्यावर त्यांनी विचारलं, "नळीने किती जगेन?"

"थोडं जास्त, कदाचित. नक्की सांगता येत नाही."

"आणि चहाने?"

"कमी." हे उत्तर तिने याआधीही पुष्कळांना दिलं होतं.

"मग चहा टाक. दोन कप. आणि तू कर, त्याला नको करायला लावूस."

तिने चहा केला. सासूबाईंना टेकवून ताठ बसवलं, हनुवटी खाली घेतली, गळ्यावर बोटं ठेवली आणि पातळ चहाचा अर्धा चमचा दिला. घाटी उशिरा हलली, कशीबशी वर गेली. आ घरघरत आला.

"अजून दे."

तिने दिला. मग स्वतःच्या कपातला एक घोट घेतला आणि खिडकीकडे बघत राहिली.

सासूबाई तिच्याकडे बघत होत्या. त्यांनी चांगला हात हळूहळू उचलला आणि चार गार बोटं सुनेच्या गळ्यावर ठेवली, अगदी ती ठेवते तशी.

"तोंडात धरून ठेवू नकोस. गिळ."

तिने गिळलं.

"आता आ म्हण."

तिने तोंड उघडलं. ही बाई आता जाणार, आणि आपल्या हातचा चहा पिऊन जाणार, हे तिला तेव्हा कळलं. आवाज फुटेना.

सासूबाईंनी बोटं काढली नाहीत. "राहू दे," त्या म्हणाल्या. "आधी दुसरा घोट घे."