तांदळाच्या खोलीतल्या दोघी

बहिऱ्या पोरींना अंधारात कोंडून ‘गप्प बसा’ सांगायला निघालेली शहाणी म्हणजे मीच. परवा सुनेने नव्या तांदळाचं पोतं सोडलं, कोंड्याचा वास नाकात गेला आणि तिरोड्याजवळची ती निवासी शाळा आठवली. मी तिथे मुली सांभाळायची. एकदा आरोग्य तपासणीला जिल्ह्याहून डॉक्टरीणबाई आल्या, आणि नेमकी दोन पोरींच्या बोटांत खरूज भरलेली. हे त्यांना दिसलं की शाळेला कुलूपच लागणार, असं माझ्या थोर डोक्याने ठरवलं. दोघींना ओढत मी तांदळाच्या खोलीत शिरले. स्वयंपाकीणबाईने बाहेरून कडी घातली. “चूप बसा जी, मी चहा देऊन येतो,” म्हणाली आणि गेली ती गेलीच. आत मिट्ट काळोख, धुळीने घसा खवखवत होता. पोरींशी मी हातांनी बोलायची. अंधारात माझे हात कुणाला दिसणार? एकीने किंकाळी फोडली, दुसरीने माझं लुगडं घट्ट धरलं, मग दोघी दार बडवू लागल्या. थोड्या वेळाने मलाच श्वास पुरेना, तशी मीही त्यांच्याबरोबर बडवू लागले. कडी निघाली तेव्हा समोर डॉक्टरीणबाई उभ्या. त्यांनी आधी पोरींची बोटं उजेडात धरून पाहिली, मग माझ्या केसांतला तांदळाचा कोंडा. आता माझे दात पडलेत, तेव्हाच्या माझ्यातल्या बावळट बाईला मी खुशाल हसते. पण डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं की हसू अर्ध्यावरच राहतं. “कायले लपवलं हो बाई? कोणालेच खरूज नाही म्हणून मी औषधाचा खोका परत जीपमध्ये ठेवून राहिली होती.”